ओटीच्या साडीला अडकलेली माशी

जबाब देणार: सौ. सुलक्षणा शालिग्राम भंगाळे, वय ५६ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार राम मंदिरामागील गल्ली, फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव.

मी आज शनिवारी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने जबाब देते तो असा. हवालदार हिलालभाऊ लिहून घेणार होते. परंतु काही वस्तूंची नावे त्यांना अवघड जात होती, आणि मला लिहिता येते, म्हणून ठाण्याच्या अधिकारी मॅडमच्या परवानगीने मीच लिहीत आहे.

प्रथम वस्तूंचा खुलासा. आमच्या शेजारी राहणाऱ्या लताबाई प्रेमराज बोंडे यांचे म्हणणे आहे की आमच्या घरी कुरिअरने मांत्रिकाचे सामान येते. आलेले सामान असे. चार तुकडे जोडून होणारी मासे धरायची काठी, रुपये ३,८५०. दोरी गुंडाळायची चक्री, रुपये १,४००. पिवळी जाड दोरी, रुपये १,१५०. बारीक गळांची दोन पाकिटे मिळून रुपये २६०. कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे पाकीट, रुपये ४२०. हे शेवटचे मी घरात घेतले नाही. ते जिन्याखाली पत्र्याच्या डब्यात तसेच बंद पडून आहे, दुकानदार परत घ्यायला तयार नाही. पावत्या सोबत जोडल्या आहेत. पाठवणारा मांत्रिक नसून पुण्याचे एक दुकान आहे.

माझे पती शालिग्राम हे पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांना गळ टाकण्याचा नाद लहानपणापासून आहे. आमचे घर स्वामिनारायण सत्संगी आहे, कांदा-लसूणही चालत नाही. निवृत्तीनंतर ते धरणावर जाऊन बसू लागले तेव्हा मी सांगितले की मासा घरात येणार नाही, धरलेला तिथेच पाण्यात सोडायचा, आणि गळाला गांडूळ लावायचे नाही, कारण मासा सुटला तरी गांडूळ जातेच. ते काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांना मोबाइलवर हा प्रकार सापडला. यात गळाला जिवंत काही लावत नाहीत. केस, पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात आणि दोरीच्या झोक्याने ती लांब पाण्यावर नेऊन बसवतात. मासा फसतो. फसवल्याचे पाप कोणाचे, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "ते माझ्या नावावर लिही."

तयार माशी एक नग एकशे वीस रुपयांना पडते आणि झाडाला, दगडाला अडकून तुटते. एका रविवारी ते पाच माशा घालवून आले, मासा एकही नाही. तेव्हापासून माशा मी घरी करते. त्यासाठी विंचरताना निघालेले माझे केस, आमच्या गोऱ्ह्याच्या शेपटीचे केस, कबुतराचे पडलेले पीस, गोकुळाष्टमीनंतर उतरवलेले मोरपीस, जुन्या शालूची जर आणि पूजेतला उरलेला लाल नाडा वापरते. गळांखेरीज विकत काही आणत नाही. हे सगळे एकत्र बांधल्यावर कसे दिसते हे तुमच्या लक्षात यायला हवे होते, असे मॅडम म्हणाल्या. माझ्या लक्षात आले नाही. मला ती माशी दिसत होती.

या नादाबद्दल गल्लीला पूर्वीपासून माहिती आहे. जळगावचे निवृत्त शिक्षक हितेंद्र सर सोबत असतात. दोघे पहाटे निघतात आणि काळी माशी बांधावी की पिवळी यावर वाद घालत दुपार करतात. मासा लागला तर फोटो काढून "जा बाप्पा, सुखी राह्य" असे म्हणून सोडून देतात. घरी आल्यावर तो मासा वीतभर असतो, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाता जाता हातभर होतो. माशा टोपीला टोचून ठेवायची पतींना सवय आहे. तीच टोपी घालून ते एका लग्नाला गेले आणि वधूच्या मामांना भेटताना त्यांचे उपरणे टोपीला अडकले. सोडवेपर्यंत दोघे गळ्यात गळा घालून उभे होते, मंगलाष्टके थांबली होती. लताबाईंचे पती प्रेमराजभाऊ ही हकीकत स्वतः सगळ्यांना सांगत. म्हणून सांगते की यात लपवण्यासारखे काही नव्हते.

दोरी टाकायला सराव लागतो. ती आधी पाठीमागे पूर्ण सुटावी लागते, मगच पुढे जाते. पती संध्याकाळी गच्चीवर सराव करतात. सरावाच्या माशीच्या गळाचे टोक मी पकडीने तोडून देते. कोणाला लागू नये म्हणून.

आमची आणि लताबाईंची गच्ची लागून आहे, मध्ये गुडघाभर भिंत. त्यांची सून भूमिका, वय २३, हिला आठवा महिना आहे. ती दुपारी भिंतीपलीकडे बसत असे, मी अलीकडे माशा बांधत असे. एका माशीला लाल नाडा आणि जर तिने निवडून दिली. झाल्यावर म्हणाली, "काकू, ही तं नवरी दिसू राह्यली." तेव्हापासून त्या माशीला आम्ही नवरी म्हणतो. ती पाण्यात घालवायची नाही असे ठरले, म्हणून तिचे टोक तोडून ती सरावाला दिली. भूमिकेला तपासणीला नेताना दोन वेळा मी सोबत होते. मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वाढल्याचे सांगितले होते. डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे चमकले तर घरी बसायचे नाही, लगेच यायचे, हे त्यांनी आम्हा दोघींना सांगितले. लताबाई तेव्हा बाहेर बाकावर होत्या.

मंगळवारी भूमिकेचे ओटीभरण झाले. मला आमंत्रण होते, मी गेले, नारळ आणि खण दिला. बुधवारी ओटीची हिरवी साडी धुऊन त्यांच्या गच्चीवर वाळत घातली होती. त्या संध्याकाळी सरावात नवरी दोरीवरून तुटली. आम्ही दोघांनी आमच्या गच्चीवर शोधली, मिळाली नाही.

गुरुवारी लताबाई साडीची घडी करत असताना पदरात नवरी निघाली. केस, पीस, लाल दोरा आणि वाकडी सुई. त्यांनी विचारले, "हे काय व्हय?" भूमिका हसून म्हणाली, "ही तं सुलक्षणाकाकूनं केलेली." तिने खरे तेच सांगितले. त्याच दुपारी तिचे डोके दुखू लागले.

लताबाईंनी सातपुड्याकडून एका भगताला आणवले. त्याने भूमिकेच्या खाटेभोवती राखेची रेघ ओढली आणि सांगितले की येत्या मंगळवारी अमावस्या आहे, तोपर्यंत ती रेघेबाहेर येणार नाही, औषध घेणार नाही, परक्याशी बोलणार नाही. तिचा मोबाइल काढून घेतला. तिचा नवरा योगेंद्र केळीची गाडी घेऊन दिल्लीकडे गेलेला आहे, त्याला काही कळवलेले नाही.

शुक्रवारी सकाळी आमच्या दारात वीस-पंचवीस माणसे आली. त्यातली निम्मी मला रोज जय स्वामिनारायण म्हणणारी आहेत. जिन्याखालचा डबा कोणीतरी उघडला आणि पिसांचे पाकीट वर धरले. "पिसं आहेत, मंग कोंबडा कुठी गेला?" असे विचारले गेले. लताबाई म्हणाल्या, "आमच्या घरी पाळणा बांधू राह्यले तं हिच्या पोटात दुखू राह्यलं. हिचा सोताचा कधी हालला नाही ना." मला अपत्य नाही. हे खरे आहे. त्याच्या कारणांचा या जबाबाशी संबंध नाही.

मी केलेली करणी सर्वांसमोर उतरवावी, अशी मागणी झाली. मी म्हणाले, केलेच नाही तर उतरवू काय? उतरवले असते तर केले होते असे ठरले असते. तेवढ्यात एक दगड आला. पतींचा चष्मा फुटला. दगड कोणी मारला ते मी पाहिले आहे, पण नाव सांगायचे नाही. त्याची तक्रार नाही.

दुपारी कपडे वाळत घालायला मी गच्चीवर गेले असता खालच्या खिडकीतून भूमिकेचा आवाज आला. "काकू, डोयापुढे काजवे चमकू राह्यले. आई म्हणते तुमचं नाव नको घेऊ." मी उत्तर दिले नाही. दिले असते तर ती बोलली हे कळले असते. मी प्रेमराजभाऊंना बोलावणे पाठवले, रात्रीपर्यंत वाट पाहिली, ते आले नाहीत. आज सकाळी पूजा आटोपून मी पतींसोबत ठाण्यात आले, दाखवायला काठी बरोबर घेतली. माझ्यावर आळ आला म्हणून आलेली नाही. तिला दवाखान्यात न्यावे म्हणून आले.

मॅडमनी प्रेमराजभाऊ व लताबाईंना बोलावून घेतले. प्रेमराजभाऊंनी माशी टेबलावर ठेवली, हात लावायला नको म्हणून कागदात गुंडाळून आणली होती. हिलालभाऊ धुळ्याकडचे आहेत. ते वाकून पाहत म्हणाले, "ताई, हाई काय शे?" मी सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. तेव्हा मॅडमनी पतींना ठाण्याच्या मागच्या आवारात करून दाखवायला सांगितले.

पतींनी काठी जोडली. चष्म्याविना त्यांना कड्यांतून दोरी ओवता येत नव्हती, ती मी ओवून दिली. पहिल्या झोक्याला दोरी त्यांच्याच पायाशी पडली. हिलालभाऊ म्हणाले, "भाऊ, आठे मासा कोठे शेतस?" कोणी हसले नाही. लताबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मला एवढेच वाटत होते की इथे वेळ जात आहे आणि तिकडे ती खाटेवर आहे.

दुसऱ्या वेळी पतींनी दोरी मागे सोडली. मागे प्रेमराजभाऊ उभे होते हे त्यांना दिसले नाही. दोरी पुढे आली ती प्रेमराजभाऊंची गांधी टोपी घेऊन आली आणि जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या ढिगावर जाऊन पडली. प्रेमराजभाऊंनी डोक्याला हात लावून पाहिले. नंतर ते चालत गेले, टोपी उचलली, तिला अडकलेली माशी अंगठ्याने चाचपली. मग ठाण्यात जाऊन टेबलावरची नवरी कागदातून काढली आणि तीही चाचपली. पहिल्यांदाच हात लावला.

ते म्हणाले, "शालिकभाऊ, याले टोकच नाही. त्यालेबी नाही."

पती म्हणाले, "टोक ती तोडून देते. कोणाले लागू नये म्हणून."

"अन् तू हे रोज मांगे आमच्या गच्चीवर फेकतो?"

"मांगे गेल्याबिगर पुढे जात नाही ना, भाऊ."

प्रेमराजभाऊंनी टोपी डोक्यावर घातली नाही, हातातच धरली. लताबाईंकडे न पाहता म्हणाले, "सुनेले दवाखान्यात नेऊ." लताबाई म्हणाल्या, "न्या. पण ही बाई गल्लीत असली तं मी तिले उंबरा ओलांडू देणार नाही. रेघेवर आडवी पडीन." त्या वाईट बाई नाहीत. त्यांना भीती वाटते आहे, आणि ज्याची भीती वाटायला हवी त्याची वाटत नाही.

मॅडम म्हणाल्या की कायद्याने मला कोणी गल्लीतून घालवू शकत नाही, उलट गुन्हा त्या लोकांवर दाखल होतो, आणि त्या पोलीस पाठवून भूमिकेला उचलून आणू शकतात. मी विचारले, त्या ओढाताणीत तिचा दाब वाढला तर? मी सांगितले, कायदा नंतर, गाडी आधी.

म्हणून मी घरी न जाता इथूनच बस धरून धुळ्याला माझे भाऊ चुडामण यांच्याकडे जात आहे. बाळंतपण होईपर्यंत परत येणार नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी जाते, पती पिशवी मागाहून पोचवतील. मी निघाले याचा अर्थ मी कबूल केले असा कोणी काढू नये, एवढ्यासाठी हा जबाब लिहून ठेवत आहे. मी करणी केलेली नाही. मी माशी बांधली. लताबाईंवर किंवा गल्लीतील कोणावर गुन्हा दाखल करावा अशी माझी मागणी नाही. भगताबद्दल मॅडमना योग्य वाटेल ते त्यांनी करावे. पतींनी यापुढे सराव नदीवर करावा. ठाण्यात ठेवून घेतलेली काठी त्यांना परत मिळावी, तिच्याशिवाय ते जेवत नाहीत. नवरी भूमिकेने मागितल्यास तिला द्यावी, न मागितल्यास ठाण्यात राहू द्यावी.

हे लिहीत असताना प्रेमराजभाऊ आणि एक महिला पोलीस जीपमध्ये बसून आमच्या गल्लीकडे गेले आहेत. लताबाईही बसल्या. जाताना त्यांनी मला विचारले, "कोणत्या गाडीनं जाशीन?" मी सांगितले, पहिली मिळेल त्या.

वरील मजकूर हिलालभाऊंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. काजव्यांच्या ठिकाणी ते थांबले, पाणी प्यायले, मग पुढे वाचले. मी लिहिले तसेच आहे, त्यात कमीजास्त काही नाही.

एक विनंती. पतींचा मोबाइल पुराव्यासाठी ठाण्यात जमा आहे, भावाचा नंबर त्यातच आहे, मला पाठ नाही. शेजारून मला कोणी कळवणार नाही. म्हणून धुळ्याचा पत्ता घातलेले पोस्टकार्ड या जबाबाला टाचणीने लावले आहे. मुलगा की मुलगी हे लिहिले नाही तरी चालेल. भूमिका शुद्धीवर आहे, बोलते आहे, एवढेच उलट टपाली कळवावे.

सही
सौ. सुलक्षणा शालिग्राम भंगाळे