उणकलची सायकलवाट

—निरोप मी सांगीन की हो, मेंबरसाहेब, पण आधी बसा तरी त्या स्टुलावर. दुपारचं दुकान मीच बघते; हे घरी जेवून झोपलेत, चारच्या आत उठवलं तर घर डोक्यावर घेतील. हं, काय म्हणालात — संध्याकाळच्या सभेत तुमचा हात कारंज्याच्या बाजूनं? म्हणजे सायकलच्या बिल्ल्यांचा जो कर जमतो, सायकलवाटेच्या दुरुस्तीला म्हणून वेगळा ठेवलेला, तो आता चौकात पाणी उडवायला? अय्यो! इथं केशवापुरात नळाला दिवसाआड पाणी, नि चौकात कारंजं! उडवा, उडवा. आम्ही घागरी घेऊन तिथंच येतो.

बरं, राग कशाचा आलाय तुम्हाला? त्या मोर्चाचा ना? हसू नका — नाही, हसा, मी पण हसले. आमचे हे सायकलस्वार संघाचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, दुकानात हवा भरायला येईल त्याला भाषण. आता आमच्या गल्लीची रीत तुम्हाला ठाऊक नसेल — ठाऊक आहे? तुमच्या गल्लीत पण? असो. गल्लीत बिल्ला एकच. पुलाजवळ तपासनीस उभा असला की ज्याला जायचंय त्यानं तो हँडलला अडकवायचा, पलीकडं पोचला की इकडं येणाऱ्याच्या हाती परत धाडायचा. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय. आणि हे शहाणे काय करतात, तर सगळ्या गल्ल्यांतल्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी तुमच्या म्युनिसिपालटीच्या ऑफिसासमोर नेऊन उभं करतात! "आमच्या बिल्ल्याचा पैसा आमच्या वाटेला" — ओरडून ओरडून घसे बसले. तिथले साहेब बाहेर आले नि एवढंच म्हणाले, बिल्ले दाखवा. झालं! अंगणभर सायकली, नि बिल्ले तीन — दोन गेल्या सालचे, तिसरा एकाहत्तरचा. अध्यक्षांच्या सायकलला तर तेवढाही नाही. घरी आले ते मान खाली घालून, नि पुढं दोन दिवस हवा भरायला येणाऱ्यांना भाषण बंद. माझ्या जिवाला तेवढाच आराम.

म्हणून तुम्ही म्हणता, जे कर भरत नाहीत त्यांना वाट कशाला? बरोबर आहे. चोर आहेत मेले सगळे. पण एक माणूस भरतंय हो. दरसाल भरतंय. — कोण म्हणजे? हा बघा बिल्ला, यंदाचा, माझ्या बटव्यातच असतो. सायकल? माझी कुठली सायकल! दुकानात दुरुस्तीला लेडीज सायकल आली की तिला हा अडकवते, दाराला कडी घालते, नि उणकलच्या तळ्यापर्यंत — अहो, ब्रेक लागतो की नाही, चालवून बघायला नको? तुमच्या मुलीची, सुमनची सायकल मी आठवडाभर ठेवून घेतली ना — तिला काही झालं नव्हतं. छान पळते. सीट तेवढी कडक आहे.

घ्या, हे पण बोलून बसले. यांना कळलं तर काय होईल, माहीत आहे? अध्यक्षांची बायको, चाळिशीची, पदर खोचून सायकलवर — लोक काय म्हणतील म्हणून महिनाभर दुकान उघडायचे नाहीत. उणकलला काय काम म्हणता? काही काम नाही हो. तेच तर सांगतेय. उठल्यापासून दहाजणांच्या कामाला धावायचं — तिथं मी बिनकामाची जाते. तळ्याकडं बघत मिरचीभजी खाते नि परत येते. बस्स, साकु! पण पावसाळ्यात वाटेवरची मोरी खचली. तिथं उतरून मोठ्या रस्त्यानं जावं लागतं, नि ते पुणे-बंगळूरचे ट्रक अगदी अंगाला घासून जातात. परवा एक असा गेला की मी थेट चरात. हे कोपर बघा — घरी सांगितलंय, पाय घसरून पडले. भीती वाटते मला आता, खरंच. ती मोरी बांधली नाही तर माझं जाणं संपलं. मग ते कारंजं काय, माझ्या डोक्यावर उडवणार?

काय? सभेत वाचून दाखवायला खरा बिल्ला असलेलं एक तरी नाव सांगा, मग हात आमच्या बाजूनं? अहो मेंबरअण्णा, ते नको. हे स्वतः येऊन बसणार आहेत ना तिथं, मागच्या बाकावर. दुसरं कुणाचं तरी — दुसरं आहे कोण म्हणा. नाही, नाही, राहू दे. उगीच घरात तमाशा. उठलात? ... थांबा की हो जरा! असं कसं लगेच उठता? घ्या नाव. मालती दत्तात्रेय मिरजकर, केशवापूर. नवऱ्याच्या नावासकट घ्या, पुटपुटू नका, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे. — आता बघत काय राहिलात? निघा. मला धीर आहे तोवर जा.