अडकलेली पट्टी

मी पेटी सुधरवली का बिघडवली, हे मले अजून समजून नाही राह्यलं. ढाणकीच्या विहारातली जुनी पायपेटी होती. भात्याले पाय लावला का एक अडकलेली पट्टी आपोआपच वाजे. आठ दिवस खपून मी ती मोकळी केली. तिसऱ्या दिवशी गायनमंडळाचे गौतमदादा पेटी ऑटोत घालून परत हजर.

"बिघडली."

मी वाजवून दाखवली. "दादा, सूर तर सारेच बरोबर हायेत."

"असतीन. पण जो आपोआप वाजे, त्याच्यावरूनच आम्ही गाणं उचलत होतो. काल सारे एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसले."

मग मी तीच पट्टी पुन्हा अडकवली. दादानं कान देऊन ऐकलं.

"अशी नाही बाप्पा. पयले बरोबर बिघडेल होती."