मी घागर काहून उचलू?

...नाही, तुम्ही मले एवढंच सांगा, घागर मीच काहून उचलू? आं? वीस वर्षं झाली मले या दुनियेत येऊन, वीस वर्षांत एक दिवस, एक दिवस मी डोक्यावर घागर घेतली नाही! कामठीत राहते मी, भौ, कामठीत! आमच्या गल्लीत नळ आहे. सकाळी सहाले येते, साडेसहाले जाते, मधल्या अर्ध्या तासात महाभारत होते ते वेगळं... पण नळ आहे! अन् नाही आला नळ, तं मी स्कुटीवर समोर दोन कॅन ठेवते अन् आणते पाणी. डोक्यावर हेल्मेट असते. घागर कुठं ठेवू, हेल्मेटवर?

थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणसान, ही पोट्टी एवढी कायले पेटली.

मी दामिनी. बी.कॉम. करून राहिली, अन् नागपूरले प्रताप नगरात सुशील सर आहेत, त्यांच्याकडे नाटक शिकून राहिली. कामठीवरून आटो, आटोतून बस, बसमधून उतरून पायदळ, दीड तास. सर चांगले आहेत, फक्त मी तोंड उघडलं की त्यांचे दात दुखतात. "दामिनी, 'मले' नाही गं, 'मला'! 'काहून' नाही, 'का'!" आता तुम्ही सांगा, 'का' म्हटल्यानं पोट भरते का? 'काहून' म्हणा एकदा, पाहा कसं सगळं वजन येते त्याच्यात!

तं एक दिवस सरांनी आम्हाले गोल बसवलं, चष्मा पुसला, अन् म्हणे, "मुलांनो, एक आंतरराष्ट्रीय युवा नाटक होणार आहे. तीन ठिकाणची मुलं मिळून करणार. पोलंड, केनिया आणि प्रताप नगर!" मी म्हटलं, सर, प्रताप नगर देश कधी झाला? सगळे हसले, सर नाही हसले.

नाटकाचा विषय पाणी. दर रविवारी दुपारी तिन्हीकडचे पोट्टेपोट्ट्या पडद्यावर भेटणार, मिळून लिहिणार, मे महिन्यात एकाच वेळी तिन्हीकडे प्रयोग. अन् मंग सप्टेंबरात खरीखुरी पोलंडवारी... नागपूरवरून एकच जण. एक! अन् एक म्हणजे कोण हे सगळ्याइले माहीत होतं, मी काय मोठेपणा सांगत नाही, पण दुसरी सोनिका होती, अन् सोनिका सीनमध्ये मेली तरी केस सरळ करते.

माझ्या बाबानं, चंपतरावनं, पॉवरलूमवर जाऊन सांगितलं, पोरगी पोलंडले जाऊन राहिली. बत्तीस लूमच्या खडखडाटात सांगितलं, तरी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीले ऐकू आलं. शेजारच्या पुष्पलता काकू कंबरेवर हात ठेवून हजर. "काय वं दामे, पोलंड कुठं येते? सावनेरच्या पुढं का?" मी म्हटलं, हाव काकू, थोडंसं पुढं.

मंग आली संहिता. मिळून लिहाचं होतं ना? तं मिळून म्हणजे काय, की पोलंडच्या आग्नाबाईनं लिहिलं अन् आम्हाले मिळालं! आग्नाबाई म्हणजे तिकडच्या दिग्दर्शिका. पहिला प्रवेश पोलंड. पांढरे कपडे घालून सहा पोट्टे, चार पानं बोलतात. दुसरा प्रवेश केनिया. एक मुलगी डोक्यावर घागर घेऊन येते. बोलत नाही. तिसरा प्रवेश भारत. एक मुलगी डोक्यावर घागर घेऊन येते. बोलत नाही. रडते. शेवटी पोलंडचे पोट्टे आमच्याकडे पाहून म्हणतात, "आम्हाले माफ करा." पडदा.

मी पानं उलटीपालटी करून पाह्यली. म्हटलं, माझे संवाद छापाचे राहिले काय? सर म्हणे, "तुझं मौनच बोलतं गं." मौन? माझं? सर, माझी माय म्हणते मी पोटात असतानाही बडबडत होती!

त्याच दिवशी केनियाच्या पोट्टीचा मेसेज आला. अचिएंग तिचं नाव, मोठ्या तळ्याच्या काठी राहते, माझ्याच वयाची. तिचं इंग्रजी केनियाचं, माझं कामठीचं, पण समजलं बरोबर. विचारते, "तुझ्याकडे घागर आहे का?" मी म्हटलं, नाही. तुझ्याकडे? म्हणे, "नाही. दोन वर्षांआधी तळं आमच्या घरात घुसलं. एक महिना आम्ही खाटेखाली विटा ठेवून झोपलो. मला पाणी आणायचं नाही गं बाई, मला पाणी घराबाहेर काढायचं आहे! मी घागर का उचलू?" बस! तिथं आमची दोस्ती झाली. दोन देश, एक सवाल. मी घागर काहून उचलू?

पुढच्या रविवारी मी पडद्यावर हात वर केला. मॅडम, माझ्याकडे पाण्याची खरी गोष्ट आहे, नळावरच्या भांडणाची, ती करू का? आग्नाबाई गोड हसली. बाई वाईट नाही, खरं सांगते, डोळ्यात माया आहे, पण ती माया घागरीवरच अडकली आहे. म्हणे, "डॅमिनी, भांडण नको. आमच्या प्रेक्षकांना तुमची वेदना दिसली पाहिजे." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही पुष्पलता काकूले पाहा, वेदना आपोआप दिसते!

तेवढ्यात तिनं कान टवकारले. "थांबा! मागे हा आवाज कसला? नदी? किती सुंदर नदी!" आता आमच्या हॉलच्या खिडकीत एक कूलर आहे, नागपूरचा मे महिना, पंचेचाळीस डिग्री, तो कूलर असा घरघरते की आत कोणीतरी बैल बांधला. मी सांगणार, तं सरांनी माझा पाय दाबला अन् म्हणे, "येस मॅडम, रिव्हर!" रिव्हर? अहो, त्या रिव्हरमध्ये रोज सात बादल्या पाणी मी टाकते!

बैठक संपली. सर म्हणे, "दामिनी, हट्ट करू नकोस. पाच मिनिटं घागर घे, आयुष्य बदलेल. नाहीतर सोनिका तयार आहे. तिच्याकडे तर पितळेची घागर आहे, घरची!" घ्या! म्हणजे अभिनय राहिला बाजूले, ज्याच्या घरी भांडं त्याची भूमिका!

मी घरी आली. बसमध्ये आधी राग, मंग रडू, मंग रडत आहे याचा राग. जेवताना बाबाले सगळं सांगितलं. बाबानं घास खाली ठेवला. त्यानं आयुष्यात मले दोनच वेळा नाव घेऊन हाक मारली असंन, नाहीतर 'बाई' म्हणते. त्या दिवशी म्हणे, "दामिनी, तुले पोलंड पाह्यजे का?"

पाह्यजे बाबा.

"घागर उचलाची आहे का?"

नाही बाबा.

"मंग दोन्ही नाही होणार. पाहून घे." अन् पुन्हा जेवाले लागला. एवढंच! ना समजावलं, ना रागावला. अन् तुम्हाले सांगते, मले त्या पाहून घेण्यात झोप नाही आली, कारण पोलंड मले खरंच पाह्यजे होतं हो. मी नकाशात पाहून ठेवलं होतं. थंडी कशी असते म्हणून फ्रीजमध्ये हात घालून उभी राहत होती, माय ओरडली म्हणून बंद केलं.

सकाळी उठून सरांना फोन केला. म्हटलं, सर, सोनिकाले पोलंडले पाठवा, माझी हरकत नाही. पण इथल्या प्रयोगात मी आली तं घागरीबिगर येईन. सर म्हणे, "बघू, बघू, शेवटी तू समजूतदार आहेस." हे समजूतदार म्हणणारे लोक ना, हेच घागर घेऊन मागं उभे असतात!

प्रयोगाचा दिवस. दुपारी साडेचार. मंचावर भला मोठा पडदा, त्यावर एकीकडे पोलंड, दुसरीकडे केनिया. समोर खुर्च्यांवर आपले लोक. बाबा, माझी माय भागीरथा, अन् दोघांच्या मधात... पुष्पलता काकू! काहून आल्या? त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की नाटक पाण्यावर आहे. काकू म्हणे, "पाण्यावर आहे तं आपलं नाव येईनच. पाहून तं घेऊ काय बोलते."

पोलंडचे पोट्टे चार पानं बोलले. मंग पडद्यावर अचिएंग आली. डोक्यावर घागर नाही. हातात बादली! अन् लागली ना मंचावरून पाणी उपसाले, हे फेक, ते फेक, तोंडानं तिच्या भाषेत काय काय बोलून राहिली, तिकडची पहिली रांग पाय वर घेऊन बसली! पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात आग्नाबाईचा चेहरा... ट्रान्सफॉर्मर उडल्यावर गल्ली कशी होते, तसा.

मंग मी. इकडून सर विंगेत घागर घेऊन उभे. "घे! घे गं! अगं दामिनी, घे!" मी त्यांच्या बाजूनं सरळ निघून गेली, अन् सर घागर घेऊन माझ्यामागं दोन पावलं मंचावर आले अन् तिथंच गोठले! कॅमेरा चालू. पोलंडले शेवटी घागर दिसली बरं, सरांच्या डोक्याशी. खूप वेदना होती त्यांच्या चेहऱ्यावर.

अन् मी सुरू केलं, आपल्या बोलीत, मले-तुले-काहून सगळ्यासकट. सकाळचे सहा, नळाले धार, अन् कंबरेवर हात ठेवून काकूचा आवाज काढला, "ए पोट्टे, सरक, पहिला नंबर माहा आहे! मी पहाटे पाचले इथं वीट ठेवून गेली व्हती!" हॉल हसला. मले जोर आला. मी म्हटलं, काकू, ती वीट तं तुम्ही दिवाळीपासून उचललीच नाही!

तं खुर्च्यांतून आवाज आला, "खोटं बोलून राहिली ही पोट्टी!"

काकू उभ्या! खऱ्या काकू! "होळीपासून आहे ती वीट, दिवाळीपासून नाही! अन् तुझी माय काय करते ते सांग ना! पाइप लावते, पाइप!" झालं. माझी माय उठली. "पाइप कोणी लावला वं? कोणी लावला?" बाबा खुर्चीवरून उठून शांतपणे भिंतीजवळ जाऊन उभे राहिले, अनुभवी माणूस आहे. काकू खुर्च्या सरकवत थेट मंचावर, माय मागून, मी मधात, सर घागर घेऊन कोपऱ्यात! अन् पडद्यावरून अचिएंगही ओरडून राहिली, कोणाच्या बाजूनं ते नाही माहीत, पण जोरात! पोलंडचे प्रेक्षक उभे राहून पाहून राहिले. एक अक्षर समजत नव्हतं त्यांना, तरी एकेक जण हसून हसून डोळे पुसून राहिला.

मंग पोलंडच्या त्या सहा पोट्ट्यांतला एक, टोमेक म्हणून, शिडशिडीत, समोर आला. आता त्याचं माफी मागणं होतं. त्यानं हातातला कागद पाह्यला, घडी केली, खिशात टाकला. अन् इंग्रजीत, अडखळत म्हणे, "माझ्या गावातून एक नदी जाते. शंभर वर्षांपूर्वी तिला पाइपात घालून वर सडक केली. मी रोज तिच्यावरून सायकलनं शाळेत जातो. मी तिला कधी पाहिलं नाही." बस, एवढंच.

काकू म्हणे, "काय म्हणते वं तो?" मी सांगितलं. काकूचा कंबरेवरचा हात खाली आला. पडद्याजवळ गेल्या, डोळे बारीक करून त्या पोट्ट्याकडे पाह्यलं, अन् म्हणे, "अरे माय... लेकराले गावची नदीच नाही दिसली? ये ना बाप्पा इकडं. आमची कन्हान आहे, उघडी आहे, पोटभर पाह्य. माह्या घरी राह्य. सहाले नळ येते, तुह्यासाठी मी वीट ठेवीन."

मी ते इंग्रजीत सांगितलं. 'वीट ठेवीन' कसं सांगणार, तरी सांगितलं. टोमेक खाली पाहून राहिला. अचिएंगनं बादली खाली ठेवली. अन् आग्नाबाई... आग्नाबाई रडत होती हो. घागरीबिगर!

मी मनात म्हटलं, दामिनी, गेलं पोलंड. जाऊ दे. पण सांग कोणीतरी आता, मी घागर काहून उचलू?

आठ दिवसांनी मेल आला. सरांनी पुन्हा गोल बसवलं, चष्मा पुसला. आग्नाबाईनं लिहिलं होतं, जुनी संहिता रद्द. नवी संहिता अचिएंग, टोमेक अन् डॅमिनी मिळून लिहितील, या वेळी खरंच मिळून, अन् तुमच्या बोलीतच लिहा. मी जिंकली! पाहा, खरोखर जिंकली! सर म्हणे, "अजून आहे." अन् वाचलं. सप्टेंबरच्या प्रयोगासाठी नागपूरची ती एक जागा आम्ही मोठ्या आदरानं... त्या ज्येष्ठ अभिनेत्रीला देत आहोत.

ज्येष्ठ अभिनेत्री! युवा नाटक आहे ते, युवा! काकूले दोन नातू आहेत!

तं सध्या काय चालू आहे म्हणता? काकूचा पासपोर्ट काढणं चालू आहे. अन् फॉर्म भरून कोण राहिलं? मी! काल 'व्यवसाय' म्हणून रकाना आला, मी 'गृहिणी' टाकाले गेली, तं माझा हात धरला. "गृहिणी कायले वं? 'नटी' लिही. अन् पुढं 'आंतरराष्ट्रीय' लिही."

लिहिलं बाप्पा. काय करता!