सहा कपांची किटली

न्हाय, चहा मिळणार न्हाय. बसा की, उठता कुटं? ताक हाय, गूळपाणी हाय, पानसुपारी हाय, चहा तेवडा न्हाय, आणि ह्यो चिक्कूपणा न्हाय हो, तुमास्नी आदीच सांगतो, न्हायतर सात रस्त्यापतोर जाऊन सांगत सुटाल, बाळासोकडं गेलो आणि कोरडंच आलो. ती बगा, शेगडीवर बसलीया ती किटली. सगळं तिनं केलं. सहा कपांची किटली हाय ती, एवडं ध्यानात ठेवा.

सासऱ्यानं दिली. वैरागचे रामहरीमामा. रुखवतात मदोमद ठेवली, आणि मांडवात सगळ्यांम्होरं म्हणाले, "जावईबापू, पितळी हाय, सहा कपांची हाय, मोजून घेतलीया." आता मी मिलमदी कापड मोजणारा माणूस, दिवसाला हजार वार हाताखालनं जातंय, बोटभर चूक न्हाय, मोजून घेतलीया म्हणल्यावर मला त्यो माणूस देवच वाटला. घरी आणली, भरली, वतली... सहा कप. सात न्हाय, पाच न्हाय.

आता आमच्या चाळीतली हीर तुमास्नी ठावं हाय. जड पाणी. सकाळी तुरीची डाळ घाला, सांजच्यापारी ती तशीच तुमच्याकडं बगत बसलीया. साबण घासा, साबण झिजंल पर फेस यायचा न्हाय, माज्या धोतराचा रंग... जाऊ द्या, धोतराचं न्हाय, किटलीचं सांगत हुतो. तर ते पाणी, दिवसातनं चार येळा, अकरा वर्सं त्या किटलीत उकळलं.

आणि सहाचे पाच झाले. मला वाटलं कप मोठे आले. पाचाचे चार झाले. गेल्या पंचमीला मिलमदल्या माज्या खात्यातले तिघं घरी आले, किटली काठोकाठ भरलेली मी ह्या डोळ्यांनी बगितली, आणि तिघांना तीन कप झाले नि माज्या हातात मोकळी बशी. माज्या घरात मलाच मोकळी बशी, काय म्हणावं? उठलो, आत गेलो, आमच्या मंडळीला म्हणलं, "कस्तुराबाई, किटली सहा कपांची. बाकीचे तीन कोण पितंय?"

"मला काय ठावं?"

"चुलीम्होरं तू असतीस. मांजर काय कपबशीतनं पितंय व्हय?"

ती म्हणली, "अवो, मला चहानं पित्त हुतंय. अकरा वर्सं झाली, तुमास्नी एवडं बी ठावं न्हाय?"

तितं गप बसायचं का न्हाय मी? पर न्हाय. मी म्हणलं, "मोजमाप खोटं बोलत न्हाय." झालं. तिनं लुगडी बांधली आणि सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं वैराग गाठलं.

मी घरात एकटा. दाराला कडी घातली, खिडकी लावली, किटली भरली, उकळली, वतली. तीन. आता बोला. मंडळी पंधरा कोस लांब आणि हितं तीन कप गायब! शेजारची सिद्धम्मा म्हणली, "भूत बसलंय रं तुज्या किटलीत, चहा पिणारं." मी तिला हसलो, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप किटलीवरनं लिंबू उतरवलं. परत मोजलं. तीनच.

मग कल्हईवाला ईरप्पा गल्लीत आला. तेनं झाकण काढून आत बोटं घातली, तर बोटं जाईनात. म्हणतो, "यजमान, आत दगुड हाय." पाण्याचा खार हो! थरावर थर, पांढराफटक, ह्यो अंगठ्याएवडा जाड, किटलीच्या आत दुसरी किटली. आणि मोजणारा माणूस मी, बाहेरनं कप मोजत बसलो, अकरा वर्सांत एकदा आत वाकून बगितलं न्हाय. लाज वाटली. खरंच वाटली.

म्हणलं, "काढ."

"ब्याडरी, नको यजमान. पितळ झिजलंय, ह्यो खारच किटलीला धरून हाय. थोडा ऱ्हाऊ द्या."

"सगळा काढ. मला सहा कप पायजेत."

तेनं टकटक केलं, खपल्यांची रास पडली. त्या खपल्या फडक्यात बांधल्या, पुरावा म्हणून, किटली काखंत मारली आणि तडक मोटारीत. पाणी घालून बगायचं बी सुचलं न्हाय.

वैरागात ओसरीवर मामा, सासूबाई सारजाबाई, गल्लीतली धा-बारा माणसं, आणि कस्तुराबाई दाराआड. मी खपल्या मदोमद वतल्या नि म्हणलं, "चोर घावला. हिनं घोटभर चहा घेतला न्हाय, चूक माजी. आता तुमच्या देखत सहा कप काढून दावतो." मोजून पाणी घातलं. किटली चुलीवर ठेवली. आणि चूल इजली.

भोकं हो. तीन. सहाच्या सहा कप चुलीत, घरभर धूर, मामा खोकतायत, सासूबाई डोळं पुसतायत, आणि दाराआडनं हसू. कस्तुराबाई पदर तोंडात धरून हसत हुती. पंधरा दिसांनी तिचं हसू ऐकलं, लई बरं वाटलं बगा, चूल इजली तर इजली.

मामांनी किटली उजेडाकडं धरली, भोकातनं माज्याकडं बगितलं. "भोकांवर कथलाचा डाग लावाया पितळच ऱ्हायलं न्हाय. टाकू नका पर. तुमचंच पाणी बुजवंल."

मी म्हणलं, नवी घेतो की. तर कस्तुराबाई म्हणली, "नवी आणली तर मी येत न्हाय. हीच ठेवायची. आणि भोकं बुजूस्तोर घरात चहा न्हाय, तुमास्नी न्हाय आणि पाव्हण्यांस्नी बी न्हाय."

तवा कुटं आली. आता रोज सकाळी ती हिरीचं पाणी भरती, शेगडीवर ठेवती, आणि मी म्होरं बसून थेंब मोजतो. काल मिनिटाला चाळीस पडले. आज एकोणचाळीस.

म्हणून म्हणतो, ताक घ्या. भोकं बुजली की सांगावा धाडतो, चहाला यायचंच. किटली सहा कपांची हाय... पर तवर आत खार बी बसंल की परत. तवा सहा जण नगा, तुमी तिघंच या. माजी मोकळी बशी हाय.