तळाशी बर्फ

(होक्काइदोतलं कितामी गाव. जानेवारी. रॉकेल आणि पेट्रोल विकणाऱ्या दुकानाचं ऑफिस. मालकीण तोमिए कुरोसे आणि तिचा थोरला भाऊ सेइगो.)

तोमिए : खुर्ची ओढू नकोस. बस म्हणाले नाही मी.

सेइगो : इतक्या वर्षांनी भाऊ दारात येतो आणि तू...

तोमिए : कशाला आलास ते बोल.

सेइगो : बाहेर चार टँकर उभे आहेत. नवा पंप आहे. सगळ्यांवर ‘कुरोसे’. बाबांचं नाव आहे ते, तोमिए. माझाही काही हक्क...

तोमिए : हक्क? धंदा बुडवलास तेव्हाही हेच नाव होतं!

सेइगो : धंद्यात चुका होतात.

तोमिए : चूक म्हणू नकोस. धंदा मी वाढवला, खरेदी तेवढी तुझ्याकडे होती. बंदरावरच्या त्या दलालाकडून स्वस्तातलं रॉकेल तू उचललंस. त्यात पाणी आहे हे तुला दिसलं होतं. दिसलं होतं ना?

सेइगो : थोडंसं होतं. वाटलं, टाकीत तळाला बसेल.

तोमिए : बसलं की! लोकांच्या नळ्यांत जाऊन बसलं आणि गोठलं. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि अर्ध्या गावाच्या शेगड्या विझल्या. नुमाताआजींच्या हाताची दोन बोटं गारठून गेली, कापावी लागली. तुला कुठून माहीत असणार! तू तोवर ओसाका गाठलं होतंस.

सेइगो : तूच माझ्या डोक्यावर बसली होतीस. भाव पाड, भाव पाड, पलीकडचे स्वस्त देतात...

तोमिए : भाव पाड म्हणाले. पाणी विक म्हणाले नाही. तिन्ही पंप गेले. टँकर गेले. राहतं घर गेलं. आई भाड्याच्या खोलीत वारली, दादा. तू फुलं पाठवलीस. पत्ता न घालता.

सेइगो : तोंड दाखवायची लाज वाटत होती गं.

तोमिए : आणि मला नव्हती? गावात दारोदार फिरून, कमरेत वाकून माफी मागितली मी. तुझ्या वाटणीचंही वाकले. एका बाईने अंगावर बादलीभर बर्फ ओतला. मी झटकलासुद्धा नाही, पुढच्या दारात गेले.

सेइगो : मग लोक परत कसे आले?

तोमिए : आले नाहीत. मी गेले. लाकडी घसरगाडीवर रॉकेलचे दोन कॅन घातले आणि पहिली त्या आजींच्याच घरी, नुमाताआजोबांकडे गेले. त्यांनी आधी पोटभर शिव्या घातल्या. मग आतून काचेची बाटली आणली, माझं रॉकेल तिच्यात ओतलं आणि बाहेर पायरीवर ठेवली. म्हणाले, सकाळी ये. तळाशी बर्फ दिसला तर पोलिसांना बोलावतो.

सेइगो : मग?

तोमिए : रॉकेल चोख आहे हे मला ठाऊक होतं. तरी डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आजोबा बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ उभे. मग म्हणाले, टाकी घराच्या मागच्या बाजूला आहे.

सेइगो : एवढंच?

तोमिए : एवढंच. तेव्हापासून प्रत्येक दारात मीच बाटली ठेवायला लागले. बर्फ दिसला तर एक येन देऊ नका म्हणायची. कित्येक हिवाळे गेले, तेव्हा कुठे लोक म्हणाले, बाटली राहू दे आता.

सेइगो : मालकी नको मला. टँकर चालवतो. ओसाकात काही राहिलं नाही माझं.

तोमिए : टँकर चालवशील? आजी अजून आहेत. रॉकेल आलं की स्वतः दारात येतात, त्याच हाताने चहा देतात. घेशील त्यांच्या हातून?

सेइगो : ...नाही घेववणार.

तोमिए : मग मला कशाला विचारतोस! जा.

सेइगो : जातो.

तोमिए : थांब. कुठल्या रस्त्याने?

सेइगो : सेकिहोकूच्या घाटाने. पलीकडे असाहिकावात मुक्काम करीन.

तोमिए : घाटात सकाळपासून बर्फ पडतोय. अडकलास तर रात्रभर गाडी चालू ठेवावी लागेल. पेट्रोल किती आहे?

सेइगो : काटा तळाला आलाय.

तोमिए : अक्कल म्हणून नाही! पंपावर घे गाडी. मी येते.

सेइगो : म्हणजे... राग गेला तुझा?

तोमिए : नाही. पैसे पूर्ण घेणार आहे. गाडी जरा पुढे घे, नळी पोचत नाही.