शपथ मराठीत घेतली होती

मी, जबाब देणार, दुसऱ्या मजल्यावरच्या डाव्या दारातली थोरली सून, वय चौपन्न, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, तेही पहिल्याच खेपेला, आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून लिहून देते की,

सदर जबाब हवालदारांनी लिहायचा असतो. पण त्यांचा अंगठा सकाळीच कपाटाच्या दारात सापडला असल्याने, आणि माझं अक्षर त्यांना बरं वाटल्याने, मी माझ्या हातानेच लिहीत आहे. कागद सरकारी असला तरी वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून पाठपोट लिहिते आहे.

माझ्या समोरच्या, म्हणजे उजव्या दारात माझी धाकटी जाऊ राहते. ती माझ्या धाकट्या दिरांची बायको. दोन दारांच्या मध्ये जिन्याची मोकळी जागा आहे. तिथे अंगणाच्या बाजूला कमरेएवढा कठडा आहे. कठड्यावर जावेची सदाफुलीची कुंडी असते, खाली माझी चपलांची मांडणी असते, आणि कोणाचीच नसलेली एक मांजर असते. तिचा उल्लेख पुढे येईल.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात मी आईकडून आलेली माझी पोथी गच्चीवर उन्हात ठेवली होती. पानांना ओल धरली होती. वरच्या दोरीवर जावेने न पिळलेली चादर वाळत घातली. चादरीचं पाणी पोथीवर ठिबकलं आणि शाई उतरली. त्यावर मी काही बोलले, ती काही बोलली. काय बोललो ते या जबाबाच्या कक्षेत येत नाही. त्या संध्याकाळी मी देवासमोर दिवा लावून शपथ घेतली की या बाईशी एक शब्द बोलणार नाही. दार उघडं होतं. तिने ऐकलं, आणि आपल्या देवासमोर तीच शपथ माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात घेतली. पोथी वाळली, पण शपथ काही सुकेना. देवासमोरची शपथ म्हणजे पेपरवाला नव्हे, उद्यापासून येऊ नकोस म्हणायला.

तेव्हापासून आमचा व्यवहार मांजरीमार्फत चालू होता. लेकी बोले सुने लागे, तसं. मी म्हणायचे, "मने, आज पाणी लवकर जाणार आहे हो, कोणाला भरायचं असेल त्यांनी भरून ठेवावं." समोरून यायचं, "मनीबाई, कोणाचं तरी दूध उतू जातंय, वास इथपर्यंत येतोय." बोलणं झालं की मांजरीच्या तोंडापुढे काहीतरी ठेवावं लागे, नाहीतर ती निरोप ऐकायला थांबत नसे. त्यामुळे ती एवढी जाड झाली की जिना चढताना मध्ये बसते.

आमच्या इमारतीच्या सभागृहात दुपारी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू झाला. फुकट असल्याने मी गेले. जाऊही आली होती, हे आत गेल्यावर कळलं. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांची पद्धत अशी की इंग्रजी वाक्प्रचार नुसता पाठ करायचा नाही. आपल्या घरात तसं काही खरोखर घडलं पाहिजे, त्या वेळी तो वापरला पाहिजे, आणि आपल्या जोडीदारणीने वर्गात उभं राहून साक्ष दिली पाहिजे, "येस, इट हॅपन्ड, आय सॉ इट." साक्ष नाही तर वाक्प्रचार बाद. तेव्हा साहेब, साक्ष देण्याची मला सवय आहे, आणि न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मी देत नाही.

बाईंनी पत्ते बघून जोड्या लावल्या. "अरे वा, तुम्ही दोघी समोरासमोर! किती सोयीचं!" असं म्हणून त्यांनी टाळीसुद्धा वाजवली. वर्गभर बायका बघत होत्या. घरची लक्तरं वेशीवर कोण टांगणार? मी पंख्याकडे बघितलं, तिने फळ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "येस टीचर."

त्या संध्याकाळी मी देवापुढे बसून विचार केला. शपथ मराठीत घेतली होती. घेताना इंग्रजी माझ्या मनातही नव्हतं, कारण ते मला येतच नव्हतं. जे येतच नाही ते सोडलं कसं म्हणायचं? हा मुद्दा मी देवासमोर मांडला. दिवा शांत जळत राहिला. मी ती मंजुरी समजले.

जावेनेही आपल्या देवाकडून अशीच काहीतरी मंजुरी आणली असावी. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "गुड मॉर्निंग! इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!" बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी म्हटलं, "नो. आय कॅनॉट गिव्ह विटनेस. सन इज देअर." ती म्हणाली, "ओके," आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावर आत हसली. मला ऐकू आलं.

मग माझं दूध उतू गेलं. या खेपेला मांजरीला न सांगता ती थेट स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "नो यूज क्रायिंग ओव्हर स्पिल्ट मिल्क." आपल्यात म्हणतात गेलं ते गंगेला मिळालं. आमचं मांजरीला मिळालं. त्या आठवड्याची साक्ष झाली.

पुढचा वाक्प्रचार "स्पिल द बीन्स", म्हणजे बिंग फोडणे. माझ्या यजमानांनी सिगारेट सोडल्याचं मला सांगितलं होतं, आणि मी त्याबद्दल देवाला नारळ फोडला होता. जावेने दारात उभं राहून घसा साफ केला, बीन्सचा उच्चार नीट केला, आणि ते रोज इस्त्रीवाल्याच्या दुकानामागे उभे असतात हे सांगितलं. यजमानांनी विचारलं, "तुला कोण म्हणालं?" मी म्हटलं, "इंग्रजी म्हणालं." त्यांनी त्या दिवसापासून खरंच सोडली. नारळाचा खर्च वसूल झाला.

एके दिवशी समोरचं दार उघडलंच नाही. मी वाजवलं. आतून बारीक आवाजात आलं, "आय अॅम अंडर द वेदर." अंगात ताप होता. धाकटे दीर कामानिमित्त बाहेरगावी होते. साक्षीदार म्हणून मला हजर राहणं भाग होतं, म्हणून मी राहिले. तापाच्या साक्षीदाराने कपाळावर पट्ट्या बदलाव्यात असा बाईंचा नियम नाही. वर्गात मी "येस, इट हॅपन्ड" एवढंच सांगितलं.

त्यानंतर तिने एका दुपारी चौकटीला धरून मला सांगितलं, "आय अॅम टर्निंग ओव्हर अ न्यू लीफ." म्हणजे आयुष्याचं नवं पान उलटणे. एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर, आलेल्या पेशंटची नावं लिहून घ्यायची नोकरी तिला लागली आहे. जन्मातली पहिली. येत्या पहिल्या तारखेपासून. तिला आकाश ठेंगणं झालं होतं. मात्र दवाखान्याला पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. साहेब, तो दाखला याच ठाण्यातून मिळायचा आहे. म्हणून आजचा प्रकार मारामारी म्हणून लिहिला गेला तर तिचं नवं पान उलटायच्या आधीच फाटेल. मी पदर खोचून धावत इथे आले ती यासाठी. नाहीतर ही माझी आमटी टाकायची वेळ होती.

आता प्रत्यक्ष प्रकार. आज दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोघी आपापल्या उंबऱ्यावर उभ्या होतो. शनिवारी वर्गाची परीक्षा आहे. सगळे वाक्प्रचार झाले होते, एक राहिला होता. "ब्रेक द आइस". म्हणजे अबोला धरलेल्या माणसाशी आपण होऊन पहिला शब्द बोलणे. तो खरा घडायचा तर कोणीतरी मराठीत बोलायला हवं होतं. इंग्रजी चालणार नाही, हे आम्हा दोघींना न बोलताच कळलं होतं.

मी म्हटलं, "द बॉल इज इन युवर कोर्ट."

ती म्हणाली, "नो नो. युवर कोर्ट. यू आर एल्डर."

"यंगर फर्स्ट!"

"एल्डर फर्स्ट! युवर पोथी!"

"युवर चादर!"

इथे दोघी थबकलो. पोथी हा शब्द मराठी आहे. चादरही. शपथ मोडली की काय म्हणून मी वळून आत देवाकडे बघितलं. तेवढ्यात ती दोन्ही हात वर करून जिना दणाणेल अशी ओरडली, "पोथी इज नॉट वर्ड! पोथी इज थिंग!"

त्यावर मला हसू फुटलं. मग तिला फुटलं. हसण्याला भाषा नसते, त्यामुळे त्याला शपथेची आडकाठी नव्हती. दोन वर्षांचं तुंबलेलं होतं, ते सगळं एकदमच आलं. मी कठड्यावर हात आपटत होते, ती माझ्या खांद्याला लोंबकळत होती. मांजर घाबरून वरच्या मजल्यावर गेली, एवढ्या पायऱ्या ती वर्षभरात चढली नव्हती. आणि त्या भरात कठड्यावरची कुंडी खाली गेली.

खाली आमच्या इमारतीचे चिटणीस स्कूटर धूत होते. कुंडी सरळ त्यांच्या बादलीत पडली. साबणाचं पाणी त्यांच्या अंगावर उडालं. इजा नाही. सदाफुली बादलीत उभी होती, एक फूलही गळलं नव्हतं. त्यांनी वर बघून जे शब्द काढले ते शुद्ध मराठी होते, पण मी लिहीत नाही. मग त्यांनी ठाण्याला फोन केला की, दुसऱ्या मजल्यावर दोन बायकांची मारामारी चालू आहे, तीही इंग्रजीत.

आत्ता चिटणीस इथे पलीकडच्या टेबलावर बसले आहेत आणि जाऊ बाहेरच्या बाकावर. चिटणिसांचं म्हणणं असं की धाकटीने कुंडी मला फेकून मारली आणि मी खाली वाकले. पुराव्यादाखल ते सांगतात की वर येऊन पाहिलं तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने माझा खांदा घट्ट धरला होता. हे दोन्ही खरं आहे. ते असंही सांगतात की या जावा दोन वर्षं एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत, साऱ्या इमारतीला ठाऊक आहे, म्हणजे वैर जुनं आहे. हेही खरं आहे. खरं खरं जोडून खोटं कसं तयार होतं ते मी आज पाहिलं. बादली शाबूत आहे, तेव्हा भरपाईचा प्रश्न येत नाही. साबणाचं पाणी अंगावर पडल्याने माणसाचं नुकसान होत नाही.

तरी मी स्पष्ट लिहून देते की मारामारी झालेली नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, आणि कुंडी माझ्या कोपराने पडली.

एवढं लिहून मी कागद दिला; पुढचं तो परत मागून घेऊन लिहिते आहे. हवालदारांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. कोपराची ओळ आली तशी बाहेरच्या बाकावरून आवाज आला, "ताई, खोटं कशाला लिहिता? कोपर माझं होतं!"

मराठीत. मांजर नसताना. आणि ताई म्हणून.

हवालदार म्हणाले, "ओ बाई, मध्ये बोलू नका."

मी म्हटलं, "बोलू द्या हो तिला. केव्हाची गप्प आहे."

मग मी तिला म्हटलं, "गप्प बस गं. कोपर माझं. दाखला हवा ना तुला?"

"दाखल्यासाठी तुम्हाला आत घालू? तुमचं कोपर होतं तर माझं का सोलवटलंय?" म्हणून ती आत आली आणि कोपर दाखवलं. मी बाही वर केली. माझंही सोलवटलं होतं.

"ते तुमचं कठड्यावर हात आपटून झालंय."

"आणि तुझं? लोंबकळून?"

पलीकडच्या टेबलावरून चिटणीस उठून म्हणाले, "बघा साहेब, बघा! डोळ्यांदेखत भांडतायत!"

मी म्हटलं, "हो, आता भांडतोय. दुपारी भांडत नव्हतो. दोन्ही तुम्ही ऐकलंत, फरक कळत नसेल तर आमचा काय दोष?" हवालदारांनी हसू लपवायला तोंडावर अंगठा धरला, तो नेमका दुखरा होता.

तेव्हा पुरवणी जबाब लिहून देते की, पहिला मराठी शब्द धाकटी बोलली, मी नंतर. शनिवारी वर्गात मी उभी राहून तशी साक्ष देणार आहे. हवालदारांनीही "येस, इट हॅपन्ड" म्हणून दाखवलं, उच्चार चांगला आहे. शपथेचं देवाला काय सांगायचं ते आज दिवा लावताना बघू. दोघी मिळून जाऊ, म्हणजे कोणा एकीवर यायला नको.

वरचा सगळा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना जावेने दोन ठिकाणी "हे लिहायची काय गरज होती?" असं म्हटलं, ते तसंच ठेवलं आहे. कोपराच्या ओळीवर आमचं शेवटपर्यंत एकमत होईना, म्हणून हवालदारांनी "माझ्या" खोडून तिथे "दोघींच्या" केलं. खाडाखोडीजवळ माझी सही आहे, आणि जागा नव्हती तरी तिने दाटीवाटीने तिचीही केली आहे. बाकी जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.