पालीचे आठ हिरवे दिवे

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या प्राचार्या मनोरमा कर्णिक मॅडम, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सत्कारमूर्ती गुणवंत देवस्थळी सर, सरांच्या पत्नी संपदाताई, प्राध्यापकवर्ग, पालीहून आलेले आमचे ग्रामस्थ आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

निरोपाचं भाषण गौरवाने सुरू करायचं असतं. मी एका प्रश्नाने करणार आहे, आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही हेही आधीच सांगते. गेल्या वर्षीच्या त्या दुपारी आमच्या पालीच्या रोशनने समुद्रातून मदतीची हाक दिली होती का?

सर, माझ्याकडे असं बघू नका. मी तिथे येतेच आहे, पण आधी गौरव.

माझं नाव समीक्षा, वसई आणि गोराईच्या मधल्या पाली या मच्छीमार गावची. माझे वडील ईश्वर, दुसऱ्यांच्या बोटीवर खलाशी. आमच्या घरात पहिली पदवी माझी. निकाल लागला त्या दिवशी सर दोन बस बदलून पालीला आले होते, पेढे घेऊन. घरात बोंबील वाळत घातलेले, आणि सर रुमाल नाकाशी नेतात, पुन्हा खाली घेतात. बाबा म्हणाले, "सर, वास येतो तर बाहेर बसू." सर म्हणाले, "छे छे, सर्दी आहे." मे महिना होता.

त्याच भेटीत सरांनी धक्क्यावर उभं राहून विचारलं, "लहान होड्या कुठे आहेत हे घरी कसं कळतं?" बाबा म्हणाले, "आल्यावर कळतं." तिथून आमचं काम सुरू झालं.

जे आमच्या शाखेचे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही दहा डबे बनवले. प्रत्येक डबा दर दोन मिनिटांनी आपली जागा कळवतो, आणि लाल बटण दाबलं तर मदत मागतो. सगळे एकाच लहरीवर, एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाला आपला स्वतंत्र कोड असतो. आमच्याकडे होड्या परत येताना प्रत्येकाची आरोळी वेगळी असते, आणि गलक्यातूनही आईला आपल्या मुलाची कळते, तसंच. पण कानाशीच कुणी ओरडत असेल तर? मग दूरची आरोळी आईलाही ऐकू येत नाही. मोबाइलचा टॉवर जवळच्या फोनला हळू बोलायला सांगतो. आमचे स्वस्तातले डबे फक्त बोलू शकत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणून सरांची रीत अशी, की सर्वांत मोठा आवाज आधी पुरता ओळखायचा, तो वजा करायचा, मग त्याच्या खालचा शोधायचा, मग त्याच्या खालचा. वजाबाकी थोडी जरी चुकली, तरी उरलेली चूकच दूरच्या आवाजापेक्षा मोठी होते.

म्हणून सरांनी एक नियम केला, आणि माझ्याच अक्षरात तो प्रत्येक झाकणावर चिकटवला. किनाऱ्याला लागलात, की डबा बंद.

नऊ डबे पालीत दिले, दहावा इथे कपाटात राहिला. मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर रिसीव्हर लावला; तो जे ऐकेल ते इथे प्रयोगशाळेत पडद्यावर दिसायचं आणि रेकॉर्ड व्हायचं. त्याचा अँटेना सरांनी बसमधून नेला, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, डिश टीव्ही लगाने निकले क्या?" आणि रामनाथकाकांनी आपल्या मोठ्या बोटीवर डबा बसवून घेताना विचारलं होतं, "सर, यो डबा मावऱ्याला, मासलीला पन बोलावतो का? तसा असंल तर दोन द्या." सर इतके हसले, की त्यांनी खरंच दोन दिले. एक काकांच्या बोटीला आणि एक त्यांच्या मुलाच्या, रोशनच्या छोट्या होडीला.

डबा चालू आहे हे कळावं म्हणून सरांनी त्यावर एक हिरवा दिवा ठेवला होता.

इथे बसलेल्या पालीकरांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. आमच्याकडे घरात क्रूस असो की देव्हारा, कुणी एक जरी पाण्यात असेल, तर दिवा मालवत नाहीत. मी हे लहानपणापासून पाहत आलेय. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्या दिवशी रामनाथकाकांच्या पुतणीची हळद होती. सगळ्या बोटी किनाऱ्याला होत्या. रोशन एकटाच पहाटे जाळी बघायला गेला होता, अकरापर्यंत येतो म्हणून. अकरानंतर वारा फिरला. साडेबाराला रोशनच्या आईचा, शांतीमावशीचा मला फोन आला. मी इथेच प्रयोगशाळेत होते. मागे हळदीची गाणी ऐकू येत होती. मावशी म्हणाली, "समीक्षा, रोशन अजून आला न्हाय गं. आमच्या डब्याचा दिवा बंद करायचा हाय ना? का ठेवू?"

मी म्हणाले, "ठेव मावशी. चालूच ठेव."

तेव्हा मी इंजिनिअर नव्हते, पालीची मुलगी होते. मावशीने सगळ्यांना निरोप दिला. ज्यांनी बंद केले होते त्यांनीही रोशनसाठी पुन्हा लावले. किनाऱ्यावर, रिसीव्हरपासून हाकेच्या अंतरावर, आठ दिवे. माझ्या पडद्यावर आठ बोटी स्वच्छ दिसत होत्या. नववी दिसत नव्हती. मला वाटलं, त्याची बॅटरी गेली असेल. सकाळी तो शेवटचा वसईच्या बाजूला दिसला होता, म्हणून शोधायला सगळे तिकडे गेले. उलटलेली होडी तिसऱ्या दिवशी गोराईच्या बाजूला सापडली. रोशन सापडला नाही.

किनाऱ्यावरच्या आठ आवाजांनी नववा दाबला असेल हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "नियम मी केला, पण दिवा हिरवा मीच ठेवला. बंद करवेल असा ठेवायला हवा होता." मी म्हणाले, "सर, मी ठेव म्हणाले." ते म्हणाले, "बस. रेकॉर्डिंग लाव."

चौदा महिने, दर शनिवारी, आम्ही त्या दुपारच्या चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून आठ आवाज एकेक करून वजा करत आलो. गौरवच करायचा तर मी याचा करेन. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा माणूस, ज्याचं नाव कुठल्याही शोधनिबंधात यातून येणार नव्हतं.

मार्चमध्ये एकदा सापडलं. बारा बावन्नला, रोशनच्या कोडवर, अगदी बारीक. सर खुर्चीतून उठले. जागा काढली, तर ती गोराईकडची. मी म्हणाले, "सर, मावशीला सांगू?"

"थांब. दहावा लाव."

दहावा म्हणजे कपाटातला डबा, जो कधी कुणाला दिलाच नाही. त्याचा कोड लावला. तोही सापडला, बारा बावन्नलाच, तितकाच बारीक. जो डबा कपाटाबाहेर गेलाच नव्हता, तोही समुद्रात आहे असं आमचं गणित सांगत होतं. आपल्याला हवं ते आपण ऐकत होतो. आठ जवळच्या आवाजांनी रिसीव्हर भरून गेला होता, आणि त्यात न मावलेलं सगळं त्याने कापून टाकलं होतं. जे टिपलंच गेलं नाही ते वेगळं कसं काढणार? सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "समीक्षा, हे पालीत बोलू नकोस. आपल्या दिव्याने आपला मुलगा बुडवला असं कुणाला वाटता कामा नये. हे आपण दोघांनी ठेवायचं."

मी ठेवलं, सर. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. रोशन परत आला नाही, म्हणून ते दिवे आजवर कुणी मालवलेच नाहीत. बोटी समुद्रात जातात, येतात, आणि किनाऱ्याला लागल्यावरही डबे रोशनसाठी चालू राहतात. म्हणजे आजही दूर कुणी लाल बटण दाबलं तर ऐकू येणार नाही. बंद करा म्हणावं, तर का ते सांगावं लागतं.

या वर्षी आपल्या शाखेला चार प्रवेश झाले, पुढच्या वर्षी ही शाखा नाही. त्याबद्दल आज तक्रार नको. रिसीव्हर सोसायटीला कायमचा दिल्याबद्दल विश्वस्तांचे मनापासून आभार. मॅडमनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. संपदाताई, तुमचे चौदा महिन्यांचे शनिवार आम्ही घेतले, त्याबद्दल तुमचेही. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये हे मला कळतं. ज्यांना दुखलं असेल त्यांनी लहान समजून पदरात घ्यावं. सर, तुमचा शब्द मोडला, त्याची क्षमा मात्र मी मागत नाही, कारण तशी वेळ आली तर पुन्हा मोडेन.

आज सकाळी इथे येण्याआधी मी शांतीमावशीकडे गेले होते. सगळं सांगितलं. ठेव असं मीच म्हणाले होते, हे आधी सांगितलं. रोशनने हाक दिली की नाही हे मला माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही, हेही सांगितलं. मावशी बोंबील निवडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "सगल्यांत जवल आमचाच डबा होता, न्हाय?"

मी हो म्हणाले.

निवडलेले बोंबील बाजूला सारत ती म्हणाली, "मग तूच बंद कर. माझा हात न्हाय जायचा." आणि सरांसाठी ही बोंबलांची पुडी दिली.

मी आधी रामनाथकाकांच्या बोटीवर गेले, मग उरलेल्या सात बोटींवर. प्रत्येक घरी थांबले, प्रत्येक घरी सांगितलं. सर, पालीतले आठही दिवे मी बंद करून आले आहे.